रिंगांचं पाकीट आणि चार पिल्लं

यंदाच्या क्लचमधलं, म्हणजे एका खेपेच्या अंड्यांतलं, माझं सगळ्यात देखणं पिल्लू पक्ष्यांच्या शोला जाणार नाही. त्याच्या पायात रिंग नाही. ती नाही, कारण रिंगांचं पाकीट पुण्यात येऊन आठ दिवस एका कुरिअरच्या ऑफिसात पडून होतं. चार महिने झाले, तरी राग गेलेला नाही.

धायरीत आमच्या घराच्या गच्चीवर मी कॉकाटिएल पाळते. दुकानात यांना सर्रास 'कॉकटेल' म्हणतात, तोच हा तुरेवाला पक्षी. ८ बाय ६ फुटांची एव्हिअरी, म्हणजे पक्ष्यांचा मोठा पिंजरा, अर्ध्या इंचाची जाळी आणि आत शिरायला दोन दारं. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांना नियम. या खेपेला शोसाठी म्हणून एकच पेअर लावली. नर ग्रे, मादी पाइड, म्हणजे अंगावर फिकट पट्टे असलेली. दोघंही अंगाने भरदार आणि तुऱ्याला दाट. घरट्याचा बॉक्स टांगल्यावर तीन आठवड्यांत पहिलं अंडं आलं, मग एक दिवसाआड करत पाच झाली. दिवसा नर बसायचा, रात्री मादी. इथवर काहीच अडचण आली नाही.

शोच्या पक्ष्याला बंद रिंग लागते. ॲल्युमिनियमचं अखंड कडं, आतून साधारण साडेपाच मिलिमीटर, वर वर्ष, ब्रीडरची अक्षरं आणि क्रमांक. ती फक्त लहानपणीच पायात जाते, म्हणूनच ती पुरावा ठरते की हे पिल्लू याच वर्षीचं आणि याच घरातलं आहे. उघडी रिंग कुणीही कधीही घालू शकतो, त्यामुळे मी ज्या शोची तयारी करत होते तिथे पिल्लांच्या गटात ती चालत नव्हती. घालायचे दिवस मोजकेच, साधारण आठव्यापासून बाराव्यापर्यंत. त्याआधी घातली तर निसटून भुशात पडते, नंतर पाऊल आत जात नाही.

मी टॉर्च लावून अंडी बघितली. चारांत लाल शिरा दिसल्या, पाचवं रिकामं होतं. तेव्हा कुठे मी रिंगांची ऑर्डर दिली. अंडी फर्टाइल नसती तर पैसे वाया गेले असते, हा माझा हिशोब. कृपा करून कुणी असा हिशोब करू नका. कोरून द्यायला बाहेरगावच्या रिंगवाल्याला १५ दिवस लागले. तोवर एका गुरुवारी पहिलं पिल्लू बाहेर आलं, शुक्रवारी दुसरं, रविवारी तिसरं आणि मंगळवारी चौथं.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे थोरलं सात दिवसांचं असताना, सकाळी मेसेज आला की पार्सल आज मिळेल. संध्याकाळी दुसरा: 'ग्राहक उपलब्ध नाही.' सासूबाई दिवसभर घरात होत्या. बेल वाजली नव्हती, फोन आला नव्हता. शुक्रवारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ४८ तासांत संपर्क करतो म्हणाले. शनिवारी मी स्वतः त्यांच्या ऑफिसात गेले, तर पाकीट डिलिव्हरीच्या मुलाकडे आहे, तो बाहेर पडलाय. दोन तास बसले. मुलगा आला, पाकीट नाही. रविवारी बंद.

सोमवारी कळलं की पत्ता अपूर्ण असल्यामुळे ते बाजूला काढलंय. त्याच पत्त्यावर दर महिन्याला पक्ष्यांचं धान्य येतं! मी पाकिटाच्या पावतीचा फोटो दाखवला, त्यावर घर नंबरपासून पिनकोडपर्यंत सगळं होतं. काउंटरवरच्या मुलाने तो बघितलासुद्धा नाही. मी सांगत होते की आज पिल्लू अकरा दिवसांचं आहे, परवापासून पाऊल मावणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, रिंगाच आहेत ना? पुढच्या आठवड्यात घाला." त्या वाक्याने डोळ्यात पाणी आलं माझ्या. घरी आल्यावर बॉक्समध्ये हात घातला आणि थोरल्याचं पाऊल बोटावर घेतलं, तर आदल्या दिवसापेक्षा ते चक्क जाड लागत होतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज एक चक्कर. दर वेळी नवा माणूस आणि नवं उत्तर. शुक्रवारी डिलिव्हरीचाच एक मुलगा म्हणाला, "काकू, थांबा, मी बघतो." त्याने कोपऱ्यातली पोती उपसली. माझं पाकीट एका मोठ्या खोक्याच्या तळाला चिकटपट्टीला चिकटलेलं होतं. कुणी एकदा शोधलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. त्या मुलाचे आभार मी मनापासून मानले.

त्याच संध्याकाळी मुलीला बसवलं, तिची बोटं बारीक आहेत. कॉकाटिएलची दोन बोटं पुढे असतात आणि दोन मागे. पुढची दोन आणि मागचं लांब बोट एकत्र धरून रिंग त्यावरून सरकवायची, ती वर नडगीवर नेली की मागचं आखूड बोट आत दबलेलं राहतं, ते टूथपिकने अलगद बाहेर ओढायचं. दहा दिवसांच्या धाकट्याला मिनिटभरात झालं. बारा दिवसांच्या तिसऱ्याला व्हॅसलीन लावावं लागलं, पण गेली. चौदा दिवसांच्या दुसऱ्याला आणि पंधरा दिवसांच्या थोरल्याला रिंग बोटांच्या सांध्यापाशी अडली. थोरलं अंग हलवत फुसफुसायला लागलं, पाऊल लालसर दिसलं, तशी मी मुलीचा हात धरला. जोर लावला असता तर बोट मोडलं असतं. कितीही मोह झाला तरी इथे थांबायचं.

रिंग संध्याकाळीच घाला. चकचकीत वस्तू दिसली की आईबाप ती घरट्यातली घाण समजून ओढतात, कधी पिल्लासकट बाहेर टाकतात. आम्ही रिंगेवर काळा मार्कर फिरवला होता आणि सकाळी सहाला आधी बॉक्स बघितला.

धान्यात राळं, बाजरी, थोडी करडई आणि पिल्लं असताना रोज उकडलेलं अंडं, मोडाचे मूग, शेवग्याचा पाला. समुद्रफेस कायम टांगलेला हवा, कॅल्शियम कमी पडलं तर मादीचं अंडं अडकू शकतं. लुटिनोला, म्हणजे पिवळट-पांढऱ्या लाल डोळ्यांच्या पक्ष्याला, लुटिनो लावू नका, पिल्लांना तुऱ्यामागे टक्कल येतं आणि शोमध्ये तो दोष धरतात. दिवाळीत रात्रभर एक मंद दिवा लावून ठेवा. अंधारात फटाका वाजला की हे पक्षी बिथरून जाळीवर आपटतात, गेल्या वर्षी माझ्या एका नराच्या पंखाची रक्तपिसं, म्हणजे नवी उगवणारी रक्त भरलेली पिसं, तुटली होती.

लायसन्स काढलंय का, असं शेजारी सारखे विचारतात. कॉकाटिएल मूळ ऑस्ट्रेलियाचा आणि सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाही, त्यामुळे मकाव किंवा आफ्रिकन ग्रे पोपटासारखी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी याला लागत नाही. आपला देशी पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवता येत नाही.

थोरला आता चार महिन्यांचा आहे आणि शीळ घालतो, म्हणजे नर. तुरा तीन इंच भरतो, गालावरचा शेंदरी ठिपका गोल, दांडीवर उभा राहिला की पाठ सरळ. मोठा झाला की तो माझ्याच एव्हिअरीत ब्रीडिंगला राहणार. पुढच्या वर्षाच्या रिंगांची ऑर्डर मी आत्ताच दिली आहे. रिंगांचं पाकीट हातात आल्याशिवाय बॉक्स टांगणार नाही.