पॉलिस्टायरीन आणि क्षार एकाच द्रावणात: माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग येतो. तो शोषून घेईल पण पाणी पिणार नाही असं कापड पॉलिस्टायरीनच्या (थर्मोकोलच्या प्लास्टिकच्या) बारीक तंतूंपासून करायचं, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये, म्हणजे सुईतून येणारं प्लास्टिकचं द्रावण विजेच्या दाबाने ओढून तंतू काढताना, द्रावणाची विद्युतवाहकता कमी पडली की तंतूंवर मणी धरतात. चिमूटभर क्षार (मिठासारखा आयनांचा पदार्थ) घातला की ते कमी होतात. पण पॉलिस्टायरीनला पाणी चालत नाही आणि क्षाराला पाण्यावाचून करमत नाही.

टोल्युईन या द्रावकात पॉलिस्टायरीन छान विरघळलं, लिथियम क्लोराइड हा क्षार मात्र तळाशी बसून राहिलं. टोल्युईनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक आयनांमधलं आकर्षण किती सैल करतो त्याचं माप) जेमतेम 2.4, पाण्याचा सुमारे 80. इतक्या कमी स्थिरांकात आयन एकमेकांना सोडत नाहीत. क्षारासाठी इथेनॉल घालावं, तर पॉलिस्टायरीन पांढरं होऊन बाहेर पडतं.

मग डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हा द्रावक घेतला. स्थिरांक 37 च्या आसपास, शिवाय त्याचा ऑक्सिजन लिथियमला धरून ठेवतो. स्वयंपाकाचं मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिथियम क्लोराइड विरघळतं. आधी क्षार, द्रावण निवळलं की पॉलिस्टायरीनचे दाणे, आणि मग रात्रभर ढवळणं. (डीएमएफ कातडीतून अंगात जातो, यकृताला घातक आहे. हातमोजे ब्युटाइल रबराचेच घाला आणि काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच करा.)

तेवढ्यात पाऊस लागला. लिथियम क्लोराइडला पाझरायला 11 टक्के आर्द्रताही पुरते. रत्नागिरीच्या जुलैत तर विचारायलाच नको. तोलता तोलता दाण्यांचं पाणी व्हायचं, काट्यावरचा आकडा चढतच राहायचा. काचपट्टीवर पसरलेला पारदर्शक थर बघता बघता दुधाळ व्हायचा, कारण डीएमएफही हवेतलं पाणी ओढतो, आणि पाणी शिरलं की पॉलिस्टायरीन द्रावणातून फुटून निघतं.

दोघांना चालणारा द्रावक शोधत बसण्यापेक्षा पॉलिमरच्या द्रावकाला मानवणारा क्षार शोधावा, हे मला तेव्हा पटलं. विद्युत्‌रसायनवाले टेट्राब्युटाइलअमोनियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार वापरतात. त्याच्या धन आयनाला चार ब्युटाइल साखळ्या असल्यामुळे तो टीएचएफसारख्या (टेट्राहायड्रोफ्युरान) कमी ध्रुवीय द्रावकातही जातो. हवेतलं पाणी फारसं ओढत नाही, पाण्यात विरघळतोही नगण्यच. तवंग टिपणाऱ्या कापडात राहणाऱ्या क्षाराला हेच गुण हवेत. नुसता टीएचएफ 66 अंशांना उकळतो, त्यामुळे द्रावण सुईच्या तोंडाशीच सुकतं. म्हणून निम्मा डीएमएफ ठेवला, जो 153 अंशांना उकळतो.

द्रावण स्वच्छ दिसलं तरी लगेच सुईत भरत नाही. द्रावक उडाला की क्षाराला सोबत फक्त पॉलिस्टायरीनची, आणि त्याचा स्थिरांक टोल्युईनइतकाच कमी. क्षार जास्त असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली थरात टोकदार स्फटिक दिसतात. म्हणून दर नव्या प्रमाणाला आधी एक काचपट्टी सुकवून पाहते आणि स्फटिक दिसले की क्षार कमी करते.