फोटोला दहा मिनिटं, राइस कुकरला दोन तास

फुजी ढगात होता, क्योटोत पाऊस होता, हाकोनेत नुसत्या रांगा. झालं सहलीचं वर्णन! लिहायचंय ते टोकियोच्या ऑलिंपिक म्युझियमबद्दल. गाइएन्माए स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, पण आम्ही पडलो बसवाले. "बाहेर रिंगांपाशी फोटो काढा, दहा मिनिटांत निघायचंय," असं टूर लीडरचं फर्मान सुटलं. मंडळी फोटोला उभी राहिली आणि मी तिकीट काढून आत सटकलो. अक्षरं काढून पोट भरणारा माणूस मी, बाहेर कसा थांबणार?

समोर जपानी ग्राफिक डिझायनर युसाकू कामेकुरांचं १९६१ चं पोस्टर, त्यावर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं चिन्ह. वर लालभडक गोळा, त्याखाली सोनेरी पाच वर्तुळं आणि तळाला रोमन लिपीत 'टोकियो १९६४'. कार्य घरचं, पण चिन्हात जपानी अक्षर औषधालाही नाही. अक्षरं ठसठशीत, टोकांना कसलीही नक्षी नाही, आणि एकमेकांना इतकी खेटलेली की ओळीचा पट्टाच होतो. वर्तुळांचं आणि अक्षरांचं सोनेरी एकच, त्यामुळे ती दोन्ही मिळून एक वस्तू वाटते आणि लाल गोळा वर ऐटीत सुटा राहतो. हे धाडस छापील पुस्तकात कळत नाही.

१९६० मध्ये या चिन्हासाठी सहा डिझायनरांना बोलावलं होतं. इक्को तानाका आणि कोहेई सुगिउरासुद्धा त्यात होते. निवड झाली कामेकुरांची. रोमन अक्षरांवर त्यांचा हात आधीच बसला होता, कारण युद्धानंतर जपानला कॅमेरे परदेशात खपवायचे होते आणि निकॉनची पोस्टरं तेच करत होते. १९६२ च्या पोस्टरवर ओसामु हायासाकींनी टिपलेले धावपटू अक्षरशः अंगावर येतात, तरी नजर टेकते ती खालच्या त्याच सोनेरी ओळीवर.

बसमध्ये चढलो तर एक काकू फणकारल्या, "एका पोस्टरपायी सगळ्यांना ताटकळत ठेवलंत हो!" ठीक आहे. पण पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आख्खे दोन तास गेले, तेव्हा कुणाला घाई नव्हती. मी आपला खोकी उलटीपालटी करून 'जी' मार्क शोधत बसलो. चांगल्या डिझाइनचा हा शिक्काही कामेकुरांचाच, १९५७ सालचा. काकूंनी घेतलेल्या राइस कुकरवर तो सापडला. त्याच्याच खाली आपल्या घरच्या विजेला न चालणारं १०० व्होल्टही लिहिलेलं होतं, पण ते मी काही बोललो नाही.