तीन मिली, पण कुठल्या बाटलीतलं?

लेक दोन वर्षांचा, वजन १० किलो. रडला की जांघेत गाठ फुगायची. हर्निया, ऑपरेशनच करावं लागेल म्हणाले. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, ऑपरेशन मिरजेत.

सकाळी ९ची वेळ, म्हणून ३ नंतर दूध बंद, ७ नंतर पाणीही बंद. अडीचचा गजर लावून अर्धवट झोपेतच त्याला दूध पाजलं.

भूलतज्ज्ञ मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तो झोपल्यावर माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देणार, त्यानं कमरेखालचा भाग चार-सहा तास बधिर राहतो. जागा झाला की रडेल, पण सगळं रडणं दुखण्याचं नसतं. भूक असते, हातातली सुई खुपते, माणसं अनोळखी असतात. झालंही तसंच. मांडीवर घेऊन पाणी पाजलं, गप्प झाला. मग उतरायला गेला आणि पायच मुडपले! माझ्या पोटात गोळा. बधिरपणा उतरेपर्यंत उभं करू नका, असं सिस्टरनी सांगितलेलं मी साफ विसरले होते.

संध्याकाळी घरी सोडलं. पॅरासिटामॉल, दर सहा तासांनी ३ मिली. "रडायची वाट बघू नका, घड्याळ बघून द्या," हे मॅडमनी दोनदा सांगितलं. बधिरपणा जायच्या आत पहिला डोस पोटात हवा, एकदा दुखणं चढलं की आवरायला वेळ लागतो. सासूबाईंना काही पटेना. "पोरगं गप झोपलंय, कशाला उगं उठवतीस?" उठवलंच.

घोळ झाला रात्रीच्या डोसला, आणि तो आमचाच. नवऱ्यानं ३ मिली दिलं, तरी तासाभरानं हा पाय पोटाशी घेऊन कण्हतोय. कडेवर घेतलं तरी थांबेना. बाटली बघितली तर लसीच्या तापासाठी आणलेली जुनी! तिच्यात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, नवीनमध्ये २५०. म्हणजे १५० ऐवजी जेमतेम ७२ गेलं होतं. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १५ मिलिग्रॅम, हे कागदावर होतं; आम्ही फक्त मिलीचा आकडा पाठ केलेला. उलटं झालं असतं तर दुप्पट गेलं असतं, या विचारानं घाम फुटला. मनानं काही न देता हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी हिशेब करून उरलेलं किती द्यायचं ते सांगितलं, वर विचारलं, "सर्दीचं औषध चालू नाही ना? त्यातही पॅरासिटामॉल असतं." नव्हतं, नशीब.

जुनी बाटली रात्रीच मोरीत ओतली.

शेजारच्या काकूंनी सकाळी निमेसुलाईड सुचवलं, त्यांच्या नातवाला म्हणे पूर्वी लगेच गुण यायचा. १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला २०११पासून बंदी आहे, म्हटल्यावर जरा रुसल्या.

तिसऱ्या दिवशी डोस भरून घेऊन गेले तर हा सोफ्यावर चढून उड्या मारतोय. फोनवर मॅडम हसल्या, म्हणाल्या, "औषध बंद करा, आणि त्याला आधी खाली उतरवा."