मिएनशान: चूल न पेटवण्याच्या सणाच्या डोंगरावर

चिनी लोक छिंगमिंगला पूर्वजांच्या कबरी झाडतात, त्यांच्यावर नवी माती घालतात आणि कागदी नोटा जाळतात, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. हा सण सौर गणनेने येतो, म्हणून तो दरवर्षी 4 किंवा 5 एप्रिलच्या आसपासच पडतो. परंतु ज्या जुन्या सणातून कबरीवर जाण्याची ही प्रथा त्यात आली, त्या हान्शीचा अर्थ ‘थंड अन्न’ असा आहे आणि त्या दिवशी घरात विस्तवच पेटवायचा नसे. आपल्याकडे शीतळासातमीला आदल्या दिवशीचे शिळे खातात, तसाच काहीसा हा प्रकार. ज्या डोंगराशी हान्शीची कथा जोडलेली आहे, तो शान्शी प्रांतातील मिएनशान पाहण्यासाठी मी आणि माझी पत्नी छिंगमिंगच्या सुट्टीतच गेलो.

ती कथा अशी. जिन संस्थानचा राजपुत्र छोंगअर 19 वर्षे परागंदा होता. त्या हालअपेष्टांत जिए झीतुई नावाच्या सेवकाने स्वतःच्या मांडीचे मांस कापून त्याची भूक भागवली. इ.स.पू. 636 मध्ये छोंगअर गादीवर आला, सोबत्यांना इनामे वाटली गेली आणि झीतुई तेवढा राहून गेला. त्यानेही काही मागितले नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन तो डोंगरात निघून गेला. पुढे राजाला चूक उमगली आणि झीतुईला बाहेर काढण्यासाठी त्याने रानाला आग लावली; मायलेक मात्र बाहेर न येता विलोच्या (आपल्या वाळुंजाच्या जातीच्या) झाडाला बिलगून जळून गेले. म्हणून त्या दिवशी चूल पेटवायची नाही.

कथा हृद्य आहे. मात्र सर्वांत जुन्या वृत्तांतात, म्हणजे ‘झुओ झुआन’ या प्राचीन इतिहासग्रंथात, ना मांडीचे मांस आहे, ना आग. तिथे झीतुई आईसह अज्ञातवासात जातो आणि तसाच मरतो. राजाला तो सापडत नाही, तेव्हा राजा आपल्या चुकीची आठवण म्हणून मिएनशांगची जमीन त्याच्या नावे करतो, इतकेच. मांस आणि आग ‘च्वांग्झी’ या ग्रंथात येतात. थंड अन्नाची प्रथा तर पहिल्या शतकाच्या सुमारास थाययुआन (आजची शान्शीची राजधानी) भागात ऐन हिवाळ्यात पाळली जात असल्याची नोंद आहे. उत्तरेच्या थंडीत म्हातारीकोतारी आणि मुले त्यामुळे दगावू लागली, म्हणून इ.स. 206 मध्ये हान दरबारातील सत्ताधारी सेनापती छाव छाव याने ती बंद करण्याचा हुकूम काढला आणि मोडणाऱ्या कुटुंबप्रमुखाला सहा महिन्यांची शिक्षा ठरवली. हुकूम निघाला तरी प्रथा टिकली. पुढे ती हिवाळी अयनानंतरच्या एकशे पाचव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे छिंगमिंगला अगदी लागून, स्थिरावली. थांग काळात 732 मध्ये सम्राट श्वानझोंगने हान्शीला कबरीवर जाण्याचा लोकाचार राजमान्य विधींत घेतला, आणि हळूहळू हान्शी मागे पडून छिंगमिंगचे नाव उरले. माझ्या मते विस्तवाचा निषेध आधीचा असावा आणि झीतुई त्याला नंतर चिकटला असावा. डोंगरावरच्या फलकांवर अर्थातच ही शंका कोणी लिहिलेली नाही.

मिएनशानला जाण्यासाठी जिएश्यू हे गाव गाठावे लागते. या नावाचा अर्थ ‘जिएचे विश्रांतिस्थान’ असा सांगतात. थाययुआन दक्षिण स्थानकावरून वेगवान गाडीने फिंगयाओ आणि त्याच्या पुढचे जिएश्यू पूर्व हे स्थानक सुमारे तासाभरात येते. मुक्काम फिंगयाओच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात करावा, असे मी सुचवेन. जागतिक वारसा यादीतले ते शहर संध्याकाळी फिरण्याजोगे आहे. रेल्वेचे आरक्षण पासपोर्टच्या क्रमांकावर होते आणि स्थानकात पासपोर्टच तिकिटाचे काम करतो. यंत्राने तो वाचला नाही, तर कर्मचारी असलेल्या रांगेत जावे. पैशांसाठी निघण्यापूर्वीच अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचे चिनी ॲप उघडून त्याला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडावे.

आमची चूक दिवसाची झाली. छिंगमिंग 2008 पासून सार्वजनिक सुट्टी आहे आणि त्या दिवसांत छोट्या गाड्यांना महामार्गाचा पथकर माफ असतो; परिणामी डोंगरातल्या बससाठी आम्ही जवळपास दोन तास रांगेत उभे होतो. शक्य असल्यास सणाच्या दोन-तीन दिवस आधी जावे. खाली वसंत असला तरी वर बोचरा वारा असतो. जाड जाकीट हवेच.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण एका दिवसात सगळे उरकू नये. आम्ही सर्वाधिक वेळ युनफंग मंदिरात घालवला. एका प्रचंड कपारीच्या पोटात हे मंदिर वसले आहे आणि वरच्या कड्याला नवसाच्या घंटा टांगलेल्या आहेत. त्या खालून पाहताना मान दुखते. वर चढून बांधणाऱ्या माणसाचे काय होत असेल! झंगक्वो मंदिरात मृत साधूंच्या देहांवर माती लिंपून केलेल्या मूर्ती आहेत. तिथल्या पायऱ्या गुडघेदुखी असणाऱ्यांनी टाळाव्यात. जिए झीतुईचे स्मारक पुढे आहे. तिथे गर्दी विरळ होती, हे मला काहीसे खटकले.

प्रवेशद्वारापाशी रक्षकाने पुढच्या गृहस्थाच्या खिशातला लायटर काढून घेतला. वणव्याच्या भीतीने या दिवसांत रानात विस्तव नेण्यास मनाई असते. ज्या डोंगरावर आगीची कथा घडली असे मानतात, तिथे अडीच हजार वर्षांनंतरही ‘विस्तव नको’ हाच नियम. उदबत्तीसाठी आगपेटी सोबत नेऊ नये.

शाकाहारी मंडळींनी ‘वो छ्र सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी खातो’, हे वाक्य चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावे, कारण शेवयांच्या रश्शात मांस असतेच. शान्शीचा काळा व्हिनेगर आणि टोफू यांवर आमचे दोन दिवस निभावले. सणासाठी कणकेची, पक्ष्यांच्या आकाराची वाफवलेली छोटी पावे करतात. पूर्वी ती आधी करून ठेवून थंडच खात. फिंगयाओत मिळालेली मात्र गरम होती.

परतताना रात्री थाययुआनच्या एका चौकात खडूने काढलेली वर्तुळे आणि त्यांत कागदाची राख दिसली. ज्यांना गावी कबरीवर जाता येत नाही, ते असे वर्तुळ काढून त्यात नोटा जाळतात, आणि ज्याच्या नोटा त्याला पोचाव्यात म्हणून वर्तुळाला गावाच्या दिशेला तोंड ठेवतात. अशा राखेवर पाय देऊ नये आणि जाळणाऱ्यांचे छायाचित्र काढू नये.