अडतीस सेंटिमीटर

कागदावर सगळं उत्तम होतं. डाव्या तीरावरचा बोअर (खडक तपासायला पाडलेलं भोक) नंबर चार, रन, म्हणजे एका खेपेत कापलेली लांबी, २२.५ ते २४.० मीटर, निघालेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, १.४७ मीटर. रिकव्हरी, म्हणजे कापलेल्यापैकी हाती आलेला कोअर, ९८ टक्के, आरक्यूडी, म्हणजे त्यातल्या लांब तुकड्यांचं प्रमाण, ८४. असे आकडे दिसले की तपासणारा सहसा कोअरची पुढची पेटी उघडतो. घाटाखालच्या एका छोट्या काँक्रीट धरणाचा पाया होता आणि पाया खोदायची पातळी ठरवायला हेच बोअर होते.

खटकला तो थरांचा क्रम. बेसॉल्टच्या लाव्हाथराला वर-खाली असतं. तळाशी उभ्या नळ्यांसारख्या बारीक पोकळ्या, मध्ये घट्ट काळा पाषाण, माथ्यावर झिओलाइट या खनिजानं भरलेल्या गोल-चपट्या पोकळ्यांचा मांजऱ्या. माथा बराच काळ उघडा राहिला असेल तर त्याच्यावर तांबडा गेरू, आणि गेरूखालच्या पोकळ्यांतही तांबडी माती झिरपलेली. पेटीत २३.४ मीटरला तळाच्या नळ्या स्पष्ट होत्या, म्हणजे वरचा थर तिथं संपला. त्याखाली मांजऱ्याचे दोन तुकडे, २२ आणि १६ सेंटिमीटरचे, हिरवट अस्तराच्या पोकळ्यांचे, अगदी ताजे. आणि त्यांच्याही खाली पुन्हा मांजऱ्या, पण याच्या पोकळ्या तांबड्या मातीनं बुजलेल्या. वरून खाली येताना आधी तांबडा आणि मग ताजा दगड यायला हवा. इथं ताजा वर होता आणि तांबडा खाली.

मग पेटी रिकामी करून तुकडे तुटलेल्या कडांनी जुळवले. हे काम कंटाळवाणं आहे आणि आजकाल फारसं कोणी करत नाही. मोबाइलवर पेटीचा फोटो मागवायचा आणि लॉग, म्हणजे बोअरचा नोंदतक्ता, भरून मोकळं व्हायचं. फोटोत दोन कडा जुळतात की नाही ते दिसत नाही. बोटांना कळतं. कोअर हाताळताना उलटा होऊ नये म्हणून त्याच्या अंगावर दोन रंगांच्या समांतर रेघा मारायच्या असतात, इथं एकही नव्हती. दोन तासांनी ते दोन तुकडे ३१.२ मीटरवरच्या एका तुकड्याला चपखल बसले. तिथली त्यांची जागा खडी पसरून भरली होती आणि लॉगमध्ये लिहिलं होतं, ‘सांधेयुक्त खडक’.

ते ३८ सेंटिमीटर वजा केले की कोअर १.०९ मीटर उरतो. रिकव्हरी ७३ टक्के, आरक्यूडी ५९. ‘चांगला’ खडक एका झटक्यात ‘मध्यम’ झाला. आरक्यूडीत दहा सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांचीच बेरीज धरतात. उसने दोन्ही तुकडे नेमके त्यात बसणारे होते.

त्या जागेचा जो कोअर हाती आलाच नाही तो काय असणार, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. ६.६ कोटी वर्षांच्या आसपास भारताचा भूखंड रियुनियनच्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या खोलातून तप्त खडक वर येणाऱ्या जागेवरून) सरकत असताना हे लाव्हा ओतले गेले, पण सलग नाही. मध्ये उसंत मिळाली की थराचा माथा कुजून माती व्हायची, कुठे राख बसायची, आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढायचा. इंग्रजी लॉगमध्ये तो ‘रेड बोल’, ड्रिलरच्या तोंडी गेरू. विहिरीत गेरू लागला की शेतकरी कपाळाला हात लावतो. पायाखाली तो त्याहून वाईट, कारण तो जवळजवळ आडवा आणि लांबवर पसरलेला असतो, आणि भिजला की धरणाला सरकायला आयता पाट.

आडवा असतो हेच कामी आलं. शेजारच्या बोअरचे लॉग खोलीऐवजी समुद्रसपाटीपासूनच्या पातळीवर मांडले. चौथ्याचं तोंड ६१८.१० वर, २३.४ वजा केले की ५९४.७. दुसऱ्याचं ६१२.४० वर, १७.८५ मीटरला ‘कोअर लॉस’, म्हणजे ५९४.५५. पाचव्याचं ६०९.३५ वर, १४.७५ मीटरला ‘भेगाळ खडक’, म्हणजे ५९४.६०. तीन भोकं, तीन वेगळी कारणं, पातळी एकच. आणि प्रस्तावित पाया होता ५९६.९ वर, जेमतेम सव्वादोन मीटर वर.

गेरू निघत का नाही, तर सिंगल ट्यूब बॅरलमुळे, म्हणजे कोअर धरणाऱ्या एकेरी नळीमुळे. त्यात पाणी कोअरला घासूनच बिटपर्यंत, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकापर्यंत, जातं. पाषाणाला काही होत नाही, गेरू मात्र धुऊन चिखल होऊन वर येतो. डबल ट्यूबमध्ये आतली नळी फिरत नाही आणि पाणी दोन नळ्यांच्या मधून जातं. कंत्राटात डबल ट्यूबच लिहिली होती. मशीनजवळ ती होतीही, गोणपाटात गुंडाळलेली.

चौथ्याच्या मीटरभर बाजूला नवा एनएक्स (बोअरच्या जाडीचं एक ठरलेलं माप) बोअर घेतला. २२ मीटरपर्यंत नेहमीसारखा, पुढे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे रन, पाणी कमी, फेरे कमी, आणि रन संपल्यावर बॅरलला हातोडी न मारता कोअर हलकेच बाहेर. ३४ सेंटिमीटर गेरू मिळाला. वरचे पाचसहा सेंटिमीटर भाजलेल्या विटेसारखे कडक, वरच्या पाषाणाशी सांधा सुरीनं कापल्यासारखा. खाली जांभळट, मऊ, पांढऱ्या झिओलाइटच्या दोऱ्या आणि मधूनच साबणासारखे गुळगुळीत चकाकते पृष्ठ. ते चकाकते पृष्ठ म्हणजे पूर्वी कधीतरी तिथं सरकलेलं आहे. कोअर बाहेर येताच फोटो, लगेच प्लॅस्टिकची फिल्म, कापडाची पट्टी आणि वर मेण. उन्हात तासाभरात त्याला तडे जातात.

एक तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात सोडला. काही झालं नाही. जागेवरचे एक इंजिनिअर खूश झाले, “दगडच आहे की हा!” ताज्या, मुळच्या ओलाव्याच्या गेरूला पाणी सहज फोडत नाही. दुसरा तुकडा जीपच्या बॉनेटवर दुपारपर्यंत वाळवला आणि त्याच पाण्यात टाकला. बारीक बुडबुडे सुटले, कडा झडल्या, दहा मिनिटांत तळाशी लाल ढीग. पायाची खोदाई उघडी पडून महिनाभर तापली आणि मग पाऊस आला तर काय होईल, ते त्या ग्लासात दिसलं. ते इंजिनिअर नंतर काही बोलले नाहीत. तेही बरंच.

डाव्या तीराचा पाया गेरूच्या खाली, ताज्या मांजऱ्यात न्यायचं ठरलं. खोदाई वाढली, खर्च वाढला, कुरकुर झाली.

मात्र तुकडे कोणी हलवले, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. ड्रिलरचं म्हणणं, पेटी जीपमध्ये चढवताना पालथी झाली आणि हेल्परनं जमतील तसे तुकडे भरले. असं होतंही. पण कंत्राटात रिकव्हरी ८० टक्क्यांखाली गेली की त्या रनचा दर कापतात. म्हणजे प्रामाणिकपणे ‘गेरू धुऊन गेला’ लिहिणाऱ्याचे पैसे जाणार. हे कलम टेबलावर बसून लिहिणाऱ्यांनी एकदा तरी मशीनवर दिवस काढावा. रोजच्या फॉर्मवर परतणाऱ्या पाण्याच्या रंगाचा रकाना आहे. त्यात पहिल्या ओळीला ‘राखाडी’ आणि खाली चाळीस मीटरपर्यंत ‘,, ,, ,,’.

निघताना ड्रिलरनं खिशातली वही काढली. बिट किती झिजला याचा हिशोब तो स्वतःसाठी फुटांत ठेवतो. चौथ्या बोअरच्या पानावर पेन्सिलीनं होतं: ७७ फूट, पाणी लाल, गेरू १ फूट, बिट मऊ चालला. ७७ फूट म्हणजे २३.४७ मीटर.

“मग सांगितलं का नाही?”

“साहेब, विचारलं कुणी?”

उजव्या तीरावरचे चार बोअर दुसऱ्या ड्रिलरनं मारले, तेही सिंगल ट्यूबनं. लॉगमध्ये ५९४ च्या आसपास काहीच नाही, रिकव्हरी ९५च्या वर. पेट्या दोन उन्हाळे ताडपत्रीविना पडून आहेत, आकडे पुसले गेलेत. तिथं डबल ट्यूबनं निदान दोन बोअर परत घ्या, असं लेखी दिलं आहे. तो ड्रिलर काम सोडून गेला. तो वही ठेवायचा का, हे इथं कोणालाच माहीत नाही.