शिट्टी वाजली की बोट साउंडवाल्याकडेच
काल पुण्यात एका हॉलमध्ये शो होता, मिक्सरवर मी. तिसऱ्या गाण्यात गायकाने माईकची जाळी मुठीत धरली आणि मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरवर वाकला, मग शिट्टी वाजणारच ना! स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की ती वाजते. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, मागचं टाळतो, पण जाळी झाकली की मागच्या फटी बंद होतात आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. शोआधीच्या साउंडचेकलाच मी गायकाला हे हात जोडून सांगितलं होतं. मी लगेच 2.5 किलोहर्ट्झच्या आसपास कट मारला, म्हणजे त्या पट्टीचा आवाज कमी केला, शिट्टी बंद झाली, तरी मॅनेजर सगळ्यांसमोर "याला काही येत नाही" म्हणाले आणि पैसे कापले. गायक गप्प. तेच जास्त लागलं. सकाळपासून केबल ओढणाऱ्या माझ्या असिस्टंट पोराच्या तोंडाकडे बघवेना.