भेंड्याची भिंत

2019 च्या ऑगस्टात वेदगंगा आणि दूधगंगा एकदमच फुगल्या. यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर पाणी आलं, वाहतूक थांबली, आणि काठावरची गावं शाळांमधून राहायला गेली. पाणी उतरल्यावर आमचं काम सुरू झालं. मी सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंता. तलाठी (कागदावर त्यांचं पद वेगळं आहे, पण कर्नाटकातल्या निपाणी भागात सगळे तलाठीच म्हणतात), पंचायतीचे विकास अधिकारी (पीडीओ) आणि मी, असं तिघांचं पथक. घर किती पडलंय ते बघायचं, फोटो काढायचा आणि ए, बी नाहीतर सी लिहायचं. पाऊण भागाहून जास्त पडलं तर ए, त्याला 5 लाख. पाव ते पाऊण पडलं तर बी, आणि बी ला पहिल्या आदेशात त्याहून खूपच कमी. फॉर्म कन्नडमध्ये, लोक सांगणार मराठीत, मधे मी.

वेदगंगेकाठच्या एका गावात, बौद्ध वस्तीत, मावशींचं घर शेवटून तिसरं होतं. वय पासष्टीच्या पुढं. आयुष्यभर विड्या वळलेल्या. अंगठा आणि तर्जनीची टोकं तंबाखूनं कायमची काळपट झालेली. घर कौलारू, भिंती भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या. छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ उमटली होती. मागची भिंत पडली होती, पुढच्या दोन उभ्या होत्या.

मी आत गेले तेव्हा त्या ट्रंक रिकामी करत होत्या. पत्तीचे कुजलेले पुडे, जर्द्याचा लगदा, वह्या. मग एक गोधडी निघाली. "आईच्या लुगड्यांची हाय," त्या म्हणाल्या. पाणी पिऊन ती इतकी जड झाली होती की दोघींनी धरून उचलावी लागली. कडेचे बारीक टाके अजून सरळ ओळीत दिसत होते. मावशींनी त्या टाक्यांवरून एकदाच बोट फिरवलं आणि गोधडी दारातल्या ढिगावर टाकली. माझ्याच्यानं राहवलं नाही. "वाळवून बघा की मावशी," मी म्हटलं.

"वास जाणार न्हाय, म्याडम. नातवाला पांघराय घालून आजारी पाडू का?"

मला वाटलं, धक्क्यानं बधिर झाल्या असतील. तसं बऱ्याच घरांत दिसायचं. माणसं बोलायची, पण डोळे रिकामे असायचे. मावशींचे तसे नव्हते. माझ्या मनातलं ओळखल्यागत त्याच म्हणाल्या, "शाळंत चार दिवस रडले की. सगळ्यास्नी दिसंल आसं रडले. मग पुरं झालं."

बाहेर त्यांचा पुतण्या पहार घेऊन उभा होता. त्यानं तलाठ्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की उरलेल्या दोन भिंती पाडायला पाच मिनिटं लागतात. असं त्या दिवसांत खूप चाललं होतं, आणि मी त्या लोकांना दोष देत नाही. मावशींनी ते ऐकलं. "पडायची आसंल तर पडंल ती. आपण पाडायची न्हाय. जेवढं पडलंय तेवढं लिवा, म्याडम. पर तेवढं समदं लिवा, त्यातलं काय सोडू नका."

मी बी लिहिलं.

हे लिहिताना आजही हात अडखळतो. कारण मला ठाऊक होतं. भेंडा म्हणजे न भाजलेली माती. आठवडाभर पाण्यात बसलेली भिंत कधी कधी पाणी असेपर्यंत उभी राहते. पाणी उतरलं की तळाच्या थरात जीव राहत नाही, वरचं वजन तसंच असतं, त्यात ऊन पडलं की एक बाजू आधी वाळते, तडकते आणि भिंत खाली बसते. मी भिंतीत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला होता. लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. घरात झोपू नका, एवढं मी त्यांना बजावलं. पण फॉर्म आज काय पडलंय ते विचारत होता, उद्या काय पडेल ते नाही, आणि मी फॉर्मच्या बाजूनं उभी राहिले.

निघताना माझे पाय चिखलानं भरलेले पाहून मावशींनी टँकरच्या पाण्याचा तांब्या आणला. मी नको नको म्हणत असताना त्या पायांवर पाणी ओतू लागल्या. पहिलं पाणी तिथंच मुरलं. दुसरं थोडं पुढं गेलं, तिसरं उंबऱ्याखालच्या दगडापर्यंत. "पटाचारा माहीत हाय का?" त्यांनी विचारलं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मग्रंथ वाचनाचे दिवस होते. शाळेतल्या छावणीतही बायकांनी संध्याकाळचं वाचन चुकवलं नव्हतं आणि आदल्याच दिवशी ती गोष्ट झाली होती.

मी नंतर थेरीगाथा, म्हणजे बुद्धकाळातल्या भिक्षुणींच्या गाथा, मिळवून वाचली, गाथांमागच्या कथाही वाचल्या. पटाचाराचा नवरा सापानं गेला. तान्हं मूल ससाण्यानं उचललं, थोरलं पुराच्या नदीत वाहून गेलं. माहेरी निघाली तर वाटेत कळलं की वादळी पावसात घर कोसळून आई, बाप, भाऊ गेले. ती भान हरपून फिरत राहिली, ती थेट बुद्धापर्यंत. पुढं भिक्षुणी झाल्यावर एकदा पाय धुताना तिनं पाहिलं, एक पाणी जवळच मुरतं, दुसरं जरा पुढं, तिसरं आणखी पुढं. माणसंही अशीच जातात, कुणी बाळपणी, कुणी भरल्या वयात, कुणी म्हातारपणी. पुराच्या चिखलात उभ्या असलेल्या बाईनं मला ती गोष्ट तांब्यानं सांगितली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि रात्री दोन्ही भिंती बसल्या. आत कुणी नव्हतं.

आता फेरपाहणीचा अर्ज. फोटो आधीच वर गेलेला, त्यात भिंती उभ्या. त्यामुळं मावशींच्या खेपा सुरू झाल्या. दर सोमवारी पहिल्या एसटीनं यायच्या, हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, विडीचं पासबुक आणि अर्जाच्या प्रती. कधी साहेब नसायचे, कधी कागद दुसऱ्या टेबलावर असायचा. त्या कुणावर आवाज चढवायच्या नाहीत आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायच्याही नाहीत. आमच्या घरी समाधान म्हणजे मिळेल त्यात गप्प बसणं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. सोडून देणारी बाई इतक्या चिकाटीनं मागू कशी शकते, हे मला आधी उलगडेना. मग बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना वाचली. जन्म, जरा, मरण सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही, असं म्हणून त्यांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्न उभा केलाय. ते वाचताना मला बाकड्यावर बसलेल्या मावशी दिसत होत्या. भिंतीवरची माया त्यांनी सोडली होती, हक्क सोडला नव्हता. 1925 साली बाबासाहेब बहिष्कृत वर्गाच्या निपाणीच्या परिषदेला आले होते, ते या बाईच्या मुलुखातच.

एका सोमवारी कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. भिंत पडणार हे मला त्या दिवशीच कळलं होतं, निदान शेऱ्यात तरी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, माझं चुकलं.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "आणि तवापासनं ते धरून बसलाय व्हय?"

मला बोलता येईना.

"माझी भिंत एका रातीत खाली बसली, बाळ. तुमची अजून हुबीच हाय."

मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. त्या दिवशीचं भिंतीचं जे बघितलं ते आता लिहून द्या म्हणाल्या. मी लिहिलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला हेही लिहिलं, खाली सही केली. त्यांनी नातवाच्या वयाच्या कारकुनाकडून त्यावर आवकचा शिक्का मारून घेतला, शिक्क्यातली तारीख दिव्याखाली धरून नीट पाहिली आणि पोचेची प्रत दुमडून पासबुकात ठेवली. साडेबाराची एसटी होती.